रोजचे तीन नको

निंगव्वा सुईण दिसायला बरी नव्हती, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. उंचीनं माझ्या खांद्याला, आवाज बैलबाजारातल्या दलालाचा, आणि पायात लष्करातले पुरुषी बूट. तिचा नवरा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं लढायला गेला. तो आला नाही, बूट आले. तिच्या पायाला ते दोन बोटं मोठे होते. तिनं त्यांत चिंध्या कोंबल्या आणि घालून हिंडायला लागली. कुणी म्हणालं, "निंगव्वा, बाईमाणसाच्या पायात बूट कसले गं?" तर म्हणायची, "मालक घालत न्हाय आता. मग कुनी घालायचे? तू घालतोस? काढू?" विचारणारा पुन्हा विचारायचा नाही.

काखेत एक काळी छत्री. उन्हात, पावसात, कधीही बघा, मिटलेलीच. बाई निथळत यायची आणि काखेतली छत्री तिच्यापेक्षा कोरडी. मी एकदा म्हणालो, "आक्का, उघड की." तर म्हणाली, "उघडली की मानूस तिच्याखाली थांबतंय. अडलेली बाई थांबत न्हाय." छत्रीचा उपयोग एकच. टोकानं माणसं बाजूला सारायची.

मी तीन इयत्ता शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण हौसा, म्हणजे माझी बायको, दिवाळीनंतर गेली, आणि तेव्हापासून आमची थोरली लेक शेवंता माझ्याशी बोलत नाही. कशामुळं ते पुढं येईल. बोलत नाही म्हटल्यावर लिहिणं आलं. आणि हौसाचं लिहायला हात उठत नाही, म्हणून निंगव्वाचं लिहितो.

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही निपाणीत. घरात आई, आप्पा, मी आणि हौसा. मी तंबाखूच्या वखारीत पोती शिवायला, हौसा त्याच वखारीत तंबाखू चाळायला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोन लेकरं गेली होती. दोन्ही बाळंतपणं तिच्या माहेरी, चिक्कोडीला. दोन्ही लेकरं रडलीच नाहीत. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आई म्हणाली, "आता माहेरी धाडायची न्हाय. सदलग्याची निंगव्वा हितं भनीकडं येऊन ऱ्हातीया, तिला दावू."

हौसा तेव्हा कशी होती तेही सांगितलं पाहिजे. सहा वर्षांत तिनं कशाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. आई ऊठ म्हणाली की उठायची, बस म्हणाली की बसायची. आप्पा चारचौघांत सांगायचे, "सून लई गरीब हाय आमची." मलाही बरं वाटायचं. का वाटू नये? घरात बाई आहे आणि तिचा त्रास काडीचा नाही. असा मी होतो, आता लपवून काय करायचं.

निंगव्वा आली. बूट उंबऱ्याबाहेर काढून ठेवले. बूट दारात आहेत तोवर बाप्या माणसानं आत पाय टाकायचा नाही, हा तिचा कायदा सगळ्या गावाला ठाऊक होता. म्हणून मी न्हाणीच्या भिंतीआड उभा राहिलो. तिनं हौसाला विचारलं, "बाळ हालतंय काय गं?"

आई म्हणाली, "हालतंय की. चांगलं हालतंय."

"भूक लागतीया?"

आई म्हणाली, "लागतीया, पर खात न्हाय."

निंगव्वानं छत्रीचं टोक आईकडं केलं आणि म्हणाली, "मल्को."

मल्को म्हणजे कानडीत आडवी हो. आईला कानडी चांगलं येत होतं, तरी ती म्हणाली, "कोन? मी?"

"तूच. समदं तुला कळतंय म्हंजी तुझ्याच पोटात असनार. मल्को."

आता आमची आई पन्नाशीची, डोक्यावर पांढरं. पण निंगव्वा असं म्हणाली की माणूस आधी आडवं व्हायचं आणि मग विचार करायचं. आई घोंगड्यावर आडवी झाली. निंगव्वानं हात धुतले, पोट चाचपलं, कान लावून ऐकलं, एकदा डोळे मिटले, आणि गंभीर तोंड करून सांगितलं, "पाचवा लागलाय. तिखट कमी खा."

हौसा हसली. दोन वर्षांत ते घर तिचं हसणं विसरलं होतं, म्हणून मला आधी कळेचना आवाज कसला. आई तरातरा उठून परसात गेली. आणि मग निंगव्वानं जे विचारलं ते मी भिंतीआडून ऐकलं.

"मागल्या खेपंला काय झालतं?"

"आयाबाया म्हनाल्या जोर लाव, जोर लाव. मला वाटत हुतं अजून वेळ हाय. अंग न्हाय म्हनत हुतं."

"मग बोलली न्हाईस?"

"कुनाला बोलू? समदी मोठी मानसं."

"दोन्ही खेपंला असंच?"

"व्हय."

सहा वर्षं मी त्या बाईबरोबर एका घरात जेवलो. मला हे ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नाही म्हणून नाही, मी विचारलं नाही म्हणून.

निंगव्वा बाहेर आली, बूट चढवले आणि म्हणाली, "औषध लिवून घ्या." घरात लिहिता येणारा मीच, तर मी पाटी आणली. आम्हाला वाटलं डिंक, अळीव, काहीतरी पाला. ती म्हणाली, "लिव. रोज तीन नको."

आई म्हणाली, "काय नको?"

"निस्तं नको. तोंडानं म्हनायचं, समोरच्याला ऐकू जाईल असं. सकाळधरनं दिवा लागंपतोर तीन. आन कारन द्यायचं न्हाय. कारन दिलं की समोरचा त्येला जवाब हुडकतोय."

पहिल्या दिवशी हौसाला एकही जमला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं भाकरी वाढली तेव्हा ती हळूच "नको" म्हणाली आणि मग खाल्ली. निंगव्वानं तो रद्द केला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं आपण मदत करू. दुपारी दोघं वखारीतून जेवायला घरी आलो आणि मी म्हणालो, "हौसा, आडात उडी टाकू काय?"

ती ओरडली, "नको!"

मी मोठ्या ऐटीत निंगव्वाला जाऊन सांगितलं, एक झाला म्हणून. ती म्हणाली, "ही माया झाली. नको न्हवं. ज्यानं कुनाची तरी पंचाईत हुतीया त्यो नको. ह्यात कुनाची पंचाईत झाली?"

"माझी झाली असती की."

"तू उडी टाकनार हुतास व्हय?"

"न्हाय."

"मग जा. पोती शीव जा."

पहिला खरा नको आप्पांच्या वाट्याला आला. आप्पा रोज सकाळी ओसरीवर बसून मिशेरी लावायचे आणि तोंड भरलं की नुसता हात हलवायचे. मग हौसानं पाण्याचा तांब्या न्यायचा. त्या दिवशी त्यांनी हात हलवला. हौसा चुलीपुढं बसली होती. तिथूनच म्हणाली, "नको."

आप्पांनी पुन्हा हात हलवला.

"नको."

आप्पांचं तोंड मिशेरीनं भरलेलं, थुंकावं तर चूळ भरायला पाणी नाही, बोलावं तर बोलता येत नाही. ते तसेच बसून राहिले. शेजारचा तुका आला, रामराम म्हणाला, आप्पांनी मान हलवली. बऱ्याच वेळानं ते उठले, आत आले आणि घरभर फिरायला लागले. त्यांना तांब्या कुठं असतो ते ठाऊक नव्हतं. पंचावन्न वर्षं त्याच घरात राहिलेला माणूस. त्यांनी दुभत्याचं फडताळ उघडलं, धान्याच्या कणगीत डोकावले, शेवटी माझ्याकडं बघून हातवारे करायला लागले. खरं सांगतो, तांब्या कुठं असतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

आई हे सगळं बघत होती. ती निंगव्वावर रुसलेली होती, कारण पोट तपासल्याची गोष्ट गल्लीभर झाली होती आणि बायका पाणवठ्यावर तिला विचारायच्या, "आक्का, कितवा लागला?" पण त्या दुपारी आप्पांनी तिला पान करून दे म्हटलं, तर ती म्हणाली, "नको."

आप्पा म्हणाले, "तुला काय झालं? तू कुठं पोटुशी हायस?"

"न्हाय कशी? पाचवा लागलाय. सुईन म्हनाली की."

मग काय, घरात दोन बायका औषधावर. दिवसाला सहा नको. मी आणि आप्पा दोघं पाण्याला जायला लागलो. गल्लीतल्या आणखी दोनचार पोटुश्यांनी निंगव्वाला बोलावलं, त्यांच्या घरी तेच. वखारीत पुरुषांच्या तोंडी दुसरा विषय नाही. "आमच्याकडं आज दोन झाले. तिसरा कुनावर पडतोय कुनास ठावं." एकजण तर जाणूनबुजून दिवा लागेपर्यंत घरी जायचा नाही.

वखारीवरून आठवलं. तंबाखू चाळायला बायका बसायच्या त्या कोपऱ्यात धूळ एवढी की माणूस माणसाला दिसत नसे, नुसत्या शिंका ऐकू यायच्या. हौसा धरून पाच पोटुश्या तिथं होत्या. एका सकाळी पाचीजणी उभ्या राहिल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "आमास्नी हितं नको." मुकादम म्हणाला, "का नको?" त्या गप्प. कारण द्यायचं नव्हतं. मुकादम चिडला, कारण माणूस भांडायला उभा राहिला आणि समोरून भांडण येईना, तर त्याला दुसरं काय करता येतं? त्यानं पाचीजणींना दाराबाहेर काढलं. म्हणाला, "उद्या दुसऱ्या बाया आनतो."

अर्ध्या तासात निंगव्वा आली. बूट वाजवत, मधे येईल त्याला छत्रीनं सारत.

मुकादम म्हणाला, "सुईनबाई, हे तुझं काम न्हाय. काय हुत न्हाय त्यास्नी. माझ्या वेळंला माझ्या आईनं ह्याच धुळीत नऊ म्हयनं काढलं."

"काय हुत न्हाय? तुला ठावं हाय?"

"ठावं हाय की."

"पोटात काय हुतंय ते तुला ठावं हाय?"

"हाय म्हनतो न्हवं?"

निंगव्वानं छत्री उचलली. "मल्को."

मुकादम हसला. हसता हसता त्यानं आजूबाजूला बघितलं, तर शंभरेक माणसं काम टाकून गोळा झालेली, आणि एकही हसत नव्हतं. तो म्हणाला, "बरं, बघ," आणि पोत्यांच्या थप्पीवर आडवा झाला. निंगव्वानं त्याचा सदरा वर केला. मुकादमाचं पोट चांगलं सुटलेलं होतं. तिनं एका बाजूनं दाबलं, दुसऱ्या बाजूनं दाबलं, कान लावला, आणि तिचं तोंड एकदम पडलं.

मुकादम म्हणाला, "काय? काय झालं?"

"आडवं हाय."

"काय आडवं हाय?"

"सातवा सरलाय. जड उचलायचं न्हाय, खाली वाकायचं न्हाय, धुळीत तर अजाबात बसायचं न्हाय. खिडकीजवळ बसायचं."

मग जे हसणं झालं ते पार बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेलं. त्या संध्याकाळी पाचीजणींच्या चाळण्या खिडकीखाली गेल्या, आणि पुढं कित्येक वर्षं वखारीत ती पोटुश्यांची खिडकी म्हणूनच ओळखली जायची. मुकादमाचं म्हणाल, तर तो दोन दिवस पोत्याला हात लावायला कचरत होता. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "ती चेष्टा करत हुती न्हवं रं?"

आता मुख्य दिवसाकडं येतो.

मार्गशीर्षातली दुपार होती. हौसाच्या कळा सकाळी सुरू झालेल्या. निंगव्वाचे बूट दारात, आत हौसा, आई, तुकाची बायको आणि निंगव्वा. मी आणि आप्पा अंगणात. आत निंगव्वाचा आवाज आला, "मल्को. आता जोर लाव."

"नको."

निंगव्वा म्हणाली, "मल्को गं बाई, वेळ झाली."

"नको. अजून न्हाय. मी हुबी ऱ्हानार हाय. आन तुमी समद्या भाईर जावा."

मग काही ऐकू येईना. आधी तुकाची बायको बाहेर आली, मग आई. मग निंगव्वा आली, अनवाणी. बूट ओलांडून माझ्याशेजारी येऊन बसली.

आप्पा म्हणाले, "अगं, सुईनच भाईर, मग आत कोन हाय?"

"जिचं काम हाय ती."

मी म्हणालो, "निंगव्वा, आत जा. पाया पडतो. दोन गेल्यात आमची."

"ठावं हाय."

"मग बसलीयास काय?"

तिनं छत्री मांडीवर घेतली. म्हणाली, "मला काय भ्या वाटत न्हाय व्हय? तीस वर्सांत कुनी मला भाईर काढलं न्हवतं. पर म्याच तिला शिकिवलं. आता माझ्यावरच आलं तर मोडू व्हय?"

आम्ही पाच माणसं अंगणात बसलो. दार लोटलेलं. आतून हौसाच्या चालण्याचा आवाज, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधे थांबायची, कण्हायची, पुन्हा चालायची. तुळशीच्या कट्ट्यावरचं ऊन सरकून भिंतीवर चढलं. आई देवाचं नाव घेत होती, आप्पा तांब्या हातात घेऊन बसले होते, भरलेला. मला एकच वाटत होतं की दार मोडून आत जावं आणि तिला आडवी करावी. दोनदा उठलो. दोन्ही वेळा निंगव्वानं छत्री आडवी धरली.

मग आतून हाक आली, "निंगव्वा, ये आता."

ती अशी धावली की स्वतःच्याच बुटांना अडखळून उंबऱ्यात पडली, आणि पडली तशीच रांगत आत गेली. थोड्या वेळानं रडणं ऐकू आलं. तिसऱ्या खेपेला, आमच्या घरात पहिलं.

निंगव्वा बाहेर येऊन म्हणाली, "लेक हाय. घसा आज्यावर गेलाय." आणि तिथंच भिंतीला टेकून मोठ्यानं रडायला लागली. मी म्हणालो, "आता का रडतीयास?" तर म्हणाली, "मला कुनी इचारायचं न्हाय."

मी वैद्य नाही. निंगव्वा आत असती तरी शेवंता जगली असती, असंही असेल. पण मागच्या दोन खेपांना हौसाचं अंग नाही म्हणत होतं आणि ती गप्प बसली होती, आणि या खेपेला ती बोलली आणि आम्ही ऐकलं. एवढंच मला ठाऊक आहे.

हौसानं ते औषध पुढं कधी सोडलं नाही. रोज तीन होत नसतील, पण ज्या दिवशी व्हायचा तो पक्का. शेवंताला तेराव्या वर्षी स्थळ आलं, चांगलं होतं, मी सुपारी फोडायला निघालो होतो. हौसा म्हणाली, "नको." शेवंता सातवी शिकली. आप्पा मेले तेव्हा त्यांना तांब्याची जागा पाठ होती. हेही काही थोडं नाही.

आणि गेल्या दसऱ्यानंतर हौसाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले बेळगावला न्या, कापावं लागेल, बघू. शेवंतानं मोटार आणली. मोटार दारात उभी, पिशवी भरलेली, आणि हौसा खाटेवर बसून म्हणाली, "नको."

शेवंता म्हणाली, "का नको, आई?"

हौसानं तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी बाहेर जाऊन मोटारवाल्याला परत पाठवलं.

बावीस दिवसांनी ती गेली. तेराव्याला शेवंता म्हणाली, "अण्णा, एकदा तरी तिचं मोडायचं हुतं." तेवढंच. त्यानंतर बोलली नाही. मी रोज विचार करतो की मोडायला हवं होतं का. उत्तर आलं तरी आता कुणाला सांगू?

निंगव्वाला शेवटचं बघितलं ते स्वातंत्र्य मिळालं त्या श्रावणात. ती म्हातारी झाली, सदलग्याला पुतण्याकडं असते असं कळलं, म्हणून हौसा म्हणाली जाऊन येऊ. मी, हौसा आणि शेवंता, बैलगाडीनं गेलो. शेवंता दहा वर्षांची. सदलग्यात शाळेवर झेंडा होता आणि पोरांना साखर वाटत होते.

निंगव्वा पुतण्याच्या अंगणात एका दगडावर बसली होती, अनवाणी. डोळ्यांत पांढरं आलेलं. बूट बंद दाराजवळ होते आणि छत्री मांडीवर.

हौसा पाया पडली. मी म्हणालो, "आक्का, भाईर का बसलीयास?"

"आत पुतन्याची सून हाय, सातवा लागलाय तिला. म्हनाली, आज आत येऊ नको."

"का?"

दोघी बायकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बैलांना पाणी दाखवायला निघून गेलो.

मी परत आलो तेव्हा निंगव्वानं शेवंताची हनुवटी धरली होती. म्हणत होती, "तुझा घसा लई चांगला हुता गं. एकदा रडून दाव बघू."

शेवंता म्हणाली, "नको."

म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग हौसाचा हात हातात घेऊन बसली.

आम्ही निघालो तेव्हा पाऊस लागला. दार अजून बंदच. गाडी वळली तेव्हा मी मागं बघितलं, तर निंगव्वानं छत्री उघडली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घडीघडीवर कापड कुजून फाटलेलं, पाणी सरळ डोक्यावर गळत होतं, आणि ती तिच्याखाली ताठ बसली होती, कुठंच जायचं नसल्यासारखी.

शेवंता, तू तेव्हा गाडीतनं विचारलं होतंस, "अण्णा, आजी भिजतीया, ती दार का ढकलत न्हाय?" मी बैल हाकत राहिलो. तुझी आई मागं वळून बघत होती, छत्री दिसेनाशी होईपर्यंत.